कबऱ्याचं हमीपत्र

पहिल्यांदाच कुत्रा घ्यायचा असेल तर मोठा घ्यावा की लहान, हे विचारायला मनीषनगरातले लोक आताशा माझ्याकडे येतात. मी त्यांना आधी खाली बसायला सांगतो. कारण उभ्या माणसाला आमचा कुत्रा टेकतो, आणि मग तो माणूस तसाही बसतोच. फक्त जागा त्याच्या पसंतीची नसते.

खरं म्हणजे आमच्या घरी लहानच कुत्रा यायचा होता. माझी बायको हर्षा आणि आमची चौथीतली गार्गी, या दोघींनी दिवाळीच्या सुट्टीत बहुमतानं पॉमेरेनियन मंजूर केला होता. माझ्याकडे फक्त अंमलबजावणी. मी सरकारी कार्यालयात अधीक्षक आहे, अंमलबजावणी मला नवी नाही. पण वर्धा रोडला ज्या गृहस्थांकडे पिल्लं होती, तिथं एक पांढरं, काळ्या डागांचं, अंगापेक्षा पंजे मोठे असलेलं पिल्लू डुलत डुलत आलं आणि माझ्या बुटावर हनुवटी ठेवून झोपून गेलं. मी पाय हलवला नाही. पंधरा मिनिटं हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही.

"ग्रेट डेन आहे सर," गृहस्थ म्हणाले. "मोठा कुत्रा शांत राहते. पहिल्यांदा पाळणाऱ्याले तर हाच बरा. लहान कुत्रे नुसते कटकट करतात."

तुम्हाला सांगतो, त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. कुत्रा शांत निघाला. अशांत झालो ते आम्ही.

घरी आल्यावर मी हर्षाला समजावलं की, आपण शिर्के. आपले पूर्वज भोसल्यांच्या घोडदळात होते. मोठ्या जनावराची सवय आपल्या रक्तातच आहे.

"घोडदळात नाही, पागेत होते," हर्षा म्हणाली. "तुमच्या बाबांनीच सांगितलं मले. घोड्याईले चारा टाकत होते."

"चारा टाकणाराच जनावराच्या जास्त जवळ असतो," मी म्हणालो. तोवर हर्षा पिल्लाला दूध द्यायला गेली होती. गार्गीनं त्याचं नाव ब्रूनो ठेवलं आणि पॉमेरेनियनचा ठराव त्याच संध्याकाळी बारगळला.

आमच्या सोसायटीत सोळा फ्लॅट आहेत, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सेक्रेटरी जितेंद्र वानखेडे हा माणूस स्वभावानं चांगला, पण त्याच्याकडे कुत्र्याचा फॉर्मच नव्हता. सोसायटीत फॉर्म एकच, पार्किंगचा. मी त्याला म्हणालो, नोंद तर झालीच पाहिजे, बिननोंदीचं काही ठेवणं मला जमत नाही. मग आम्ही दोघांनी बसून तोच भरला. वाहनाचा प्रकार: चारपायी. रंग: पांढरा-काळा. नोंदणी क्रमांक: लागू नाही. वाहन कुठे उभे राहणार, या रकान्यात मी 'प्रामुख्याने सोफ्यावर' असं लिहिलं. जितेंद्रनं शिक्का मारला.

यानंतर सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरचा पियुष हा या विषयातला मोठा जाणकार. मोबाईलवर त्यानं कुत्र्यांचे चारशे व्हिडिओ पाहिलेले होते. स्वतःच्या घरी त्यानं दोन मासे पाळले होते, त्यातला एक हयात होता. "काका, याले जिना उतरू देऊ नका," तो म्हणाला. "हाडं कच्ची असतात. उचलून न्या." तेव्हा पिल्लू आठ किलोचं होतं. मी उचलून नेऊ लागलो. ते पंधरा किलोचं झालं, मी उचलून नेत होतो. पंचवीस किलोचं झालं तेव्हा मी पहिल्या मजल्यावर थांबून दम खाऊ लागलो. मार्च महिन्यात पियुष म्हणाला, "आता सोडा ना काका, आता झाली हाडं पक्की." पण आता ब्रूनोची पक्की समजूत झाली होती की जिना ही माणसाच्या खांद्यावरून उतरायची वस्तू आहे. तो वरच्या पायरीवर उभा राहून माझ्याकडे पाहायचा. माझी हाडं कच्ची की पक्की, हे मात्र चारशे व्हिडिओंत कोणीच विचारलं नव्हतं.

मग मे आला. नागपूरचा मे म्हणजे घरात कूलर हा कर्ता पुरुष. आमच्या कूलरसमोर बसण्याचा एक क्रम होता: आधी मी, मग गार्गी, मग हर्षा. मेच्या पहिल्या आठवड्यात ब्रूनो कूलरच्या तोंडाशी आडवा झाला आणि हा क्रम संपला. पन्नास किलोचा कुत्रा आडवा पडला की त्याच्यामागे वारा म्हणून काही येत नाही, आला तर कुत्र्याचा वास येतो. एके दुपारी त्यानं टाकीत डोकं घालून आतला पंप दातांत धरून बाहेर काढला आणि शेपूट हलवत हॉलमध्ये माझ्यासमोर ठेवला. सेहेचाळीस डिग्रीत मी ओला पंप हातात घेऊन बसलो होतो. गार्गी टाळ्या वाजवत होती. अशा वेळी रागवायचं म्हटलं तरी माणूस कोणत्या तोंडानं रागवणार?

हे सगळं घरातलं होतं, घरात निभलं असतं. गोची झाली ती त्याच्या टेकण्यानं. ही या जातीची रीतच आहे म्हणे. माणूस आवडला की जवळ जायचं आणि सगळं अंग त्याच्यावर सोडून द्यायचं. पार्किंगमध्ये त्याला जितेंद्र आवडला. जितेंद्र एका स्कूटरवर गेला, ती स्कूटर दुसऱ्या स्कूटरवर, आणि अशा सात गाड्या आडव्या झाल्या. जितेंद्र उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "काही नाही गा साहेब, प्रेमळ आहे." म्हणूनच म्हणतो, माणूस चांगला.

पण जूनमध्ये त्याला यमुताई आवडल्या.

यमुताई तळमजल्यावर एकट्या राहतात. वय बहात्तर, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. रोज सकाळी सहाला पांढऱ्या बुटांत फिरायला निघतात, त्यांच्यावर घड्याळ लावावं. त्या दिवशी त्या भाजीच्या हातगाडीपाशी उभ्या होत्या. ब्रूनो मागून गेला आणि अगदी मायेनं टेकला. यमुताई हातगाडीवर, सांबाराच्या हिरव्या जुड्यांमध्ये बसल्या. बाहेरगावचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तोच आमचा सांबार. त्यांना लागलं काहीच नाही. पण त्या माझ्यावर ओरडल्याही नाहीत, आणि त्यानं मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशीपासून त्या फिरायला निघेनात. सकाळी सहा वाजता खिडकीचा पडदा जरासा सरकायचा, बाहेर पाहायचा, आणि पुन्हा लागायचा. पांढरे बूट दाराशी तसेच.

मीटिंग झाली. आता ही मीटिंग नीट ऐका, कारण यात मी जे केलं ते माझ्या जातीचाच, म्हणजे कारकून जातीचाच माणूस करू शकतो.

जितेंद्र म्हणाला, "साहेब, पट्टा आखूड ठेवा, बस. विषय खतम."

यमुताई म्हणाल्या, "मले काही लिहून नको. मी निघते तेव्हा तो अंगणात नसावा, इतकंच."

विषय संपला होता. लोक खुर्च्या सरकवून उठत होते. पण माझ्या मनाला लागलं होतं. तीस वर्षं मी लोकांना नोटिसा पाठवल्या, कधी कोणाकडून तोंडी हमी घेतली नाही, आणि माझ्यावर मात्र लोकांनी दया दाखवावी? मी उभा राहिलो. म्हणालो, "नाही. असं तोंडी चालणार नाही. मी लेखी हमीपत्र देतो. मसुदा मी स्वतः करीन."

आणि काय मसुदा झाला होता तो! आजही वाचला की छाती फुगते. पाच कलमं. तिसरं असं: 'सदर श्वान तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सायंकाळी पाच वाजता, सोसायटीच्या आवारात, सर्व सभासदांसमक्ष, मालकाच्या एकाच आज्ञेत खाली बसेल. तसे न झाल्यास तो दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी हिंगण्याकडील फार्महाऊसवर कायमस्वरूपी रवाना करण्यात येईल व याबाबत कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.' फार्महाऊस पियुषच्या चुलतभावाचं. त्याला फाटकाशी साखळीनं बांधायला मोठा कुत्रा हवा होता, हे पियुष कधीतरी बोलून गेला होता. मी ते कलमात घातलं, कारण 'रवाना' लिहिलं की कुठे ते लिहावं लागतं. आणि सबबीची ओळ कोणीही मागितली नव्हती. ती नसली की मला मसुदा उघडाबोडका वाटतो.

तीन प्रती काढल्या. एक सोसायटीला, एक यमुताईंना, एक दप्तरी, म्हणजे आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली.

"तुमाले कोणं मांगितलं होतं हे?" हर्षानं विचारलं.

"मसुदा पूर्ण असावा लागतो."

"अन् नाही बसला तर? तो आजवर कोणाचं ऐकून बसला आहे का?"

याचं उत्तर मसुद्यात नव्हतं. तेवढ्यात गार्गी पाणी प्यायला आली आणि तिनं तो कागद वाचला. चौथी झालेल्या मुलीला वाचता येतं, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. "कायमस्वरूपी म्हणजे किती दिवस, बाबा?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती ब्रूनोच्या पोटाला पाठ लावून बसली. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. कामापुरतं ब्रूनोमार्फत बोलायची. "ब्रूनो, बाबांना सांग, जेवायला चला." माझी चूक मला त्याच वेळी कळली होती, पण सही झाली होती आणि सहीला मी काय करू?

मग शिक्षण सुरू केलं. पियुषनं व्हिडिओ पाठवले, त्यातला गोरा माणूस बोट वर करून एकदा 'सिट' म्हणायचा की कुत्रा खाली. मी बोट वर केलं. ब्रूनोनं माझं बोट पाहिलं, छत पाहिलं आणि सोफ्यावर जाऊन बसला, तो बसतो तसा, पार्श्वभाग वर आणि पुढचे दोन पाय खाली, लग्नाला आलेल्या व्याह्यासारखा. सोफ्यावर तो न सांगता बसायचा. जमिनीवर सांगूनही नाही. मी बिस्किटं दिली, तो ती उभ्यानं खायचा. इंग्रजीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. शेवटी अर्जाच्या भाषेत सुद्धा विनंती केली. जुलै असाच गेला.

ऑगस्टमध्ये हर्षाचे मामा आले. नानाजी. काटोलकडची शेती, वय सत्तरच्या पुढे, अंगानं वाळलेले. रामदासपेठेत त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर धुळीत जायचं नाही. म्हणजे गावच्या पोळ्याला जाता येणार नाही. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या दोन बैलांना यंदा दुसरं कोणी सजवणार होतं. म्हातारा काळा चष्मा लावून बाल्कनीत बसून राहायचा. ब्रूनो जाऊन त्याला टेकायचा. खुर्ची भिंतीला लागलेली होती म्हणून बरं.

"हे तं कबरं वासरू हाय," नानाजी पहिल्याच दिवशी त्याच्या डागांवरून हात फिरवत म्हणाले. "कबऱ्या! काय खाते गा हा?"

"मामाजी, त्याचं नाव ब्रूनो आहे," मी म्हणालो.

"असन. मले तं कबऱ्याच दिसून राहिला."

मी बोट वर करून 'सिट' म्हणायचो तेव्हा ते चष्म्याआडून पाहत असायचे. एकदा म्हणाले, "जवाईबापू, रागावू नका. जनावराले दुरून हुकूम देल्लेला समजत नाही. त्याच्या बाजूनं चाला, पाठीवर हात ठेवा, मंग बोला. इतक्या मोठ्या धुडाले लांबून बोट दाखवसान तं त्याले वाटते, याले काही तरी वर दिसून राहिलं."

"मामाजी, हा बैल नाही," मी जरा ताठ्यानंच म्हणालो. "हे शास्त्र आहे."

"हाव बाप्पा," नानाजी म्हणाले.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी पाहिलं तर ब्रूनो स्वतःच्या चार पायांनी जिना उतरून राहिला होता. बाजूला नानाजी, हात त्याच्या पाठीवर, पट्टा नाहीच. मला वाटलं, आला! माझ्या शिक्षणाचा परिणाम दिसायला लागला. ऑफिसात दोघातिघांना सांगितलं सुद्धा. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी माझ्या पैशानं सर्वांना सांबारवडी खाऊ घातली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो तर कुत्रा पिवळा झालेला. खांदे, मान, अर्धी पाठ, सगळं हळदीनं पिवळं आणि तुपानं चकचकीत. हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरलेली. नानाजी पळसाच्या पानानं त्याचे खांदे चोळत होते, गार्गी वाटी धरून बसली होती, आणि हर्षा, जिनं हे थांबवायला हवं होतं, ती तूप कमी पडलं म्हणून आणखी आणून राहिली होती.

"खांदशेकणी हाय," नानाजी म्हणाले. "वर्सभर बैलाच्या खांद्यावर जू असते ना. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते खांदे शेकाचे, चोळाचे. अन् कानात आवतण द्याचं."

"पण याच्या खांद्यावर कुठे जू आहे?"

"तुमी कागद लिहून ठेवला न फ्रिजवर," म्हातारा शांतपणे म्हणाला. "गार्गीनं वाचून दाखवला मले."

मग त्यांनी कुत्र्याचा एक कान उचलला आणि आत तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." त्या वेळी तिकडे गावात त्यांच्या बैलांच्या कानात कोण बोलत होतं कोण जाणे. मी बूट न काढता तिथंच उभा राहिलो. मला दुसरंच काहीतरी बोलायचं होतं, पण मी 'फरशीला तूप लागतंय' असं म्हणालो.

पोळा झाला. ब्रूनोनं पुरणपोळीचा एक घास मानानं खाल्ला आणि दुसरा दिवस उजाडला.

तान्हा पोळा म्हणजे लहान मुलांचा पोळा. मुलं लाकडी बैल सजवून आणतात, पूजा होते, खाऊ मिळतो, चांगल्या बैलाला बक्षीस. आमच्या घरचा बैल शिसवी, चाकांचा, माझ्या आजोबांच्या वेळचा. पाच वाजता आवारात आंब्याच्या पानांचं तोरण लागलं, त्याखाली बैल रांगेत उभे राहिले. समोर टेबल, टेबलामागे खुर्चीवर यमुताई. बक्षीस वाटायला मुख्याध्यापिकाच हव्यात, म्हणून जितेंद्रनं त्यांना हातापाया पडून आणलं होतं. खुर्ची त्यांनी भिंतीला लावून घेतली होती. पाठीमागून कोणी येऊ नये म्हणून असणार. नानाजी काळ्या चष्म्यात झाडाखाली. गार्गी बैलाचा दोर धरून उभी, डोळे सुजलेले.

सकाळीच शहरात मारबतीची, म्हणजे गावाची इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघाली होती, लोक अजून त्याच रंगात होते. जितेंद्रनं माईक घेऊन हाळी दिली, "खोकला, ताप घेऊन जाय गे मारबत! महागाई घेऊन जाय गे मारबत!" आणि मागून कोणीतरी गमतीनं ओरडलं, "शिर्के साहेबांचा कुत्रा घेऊन जाय गे मारबत!" सगळे हसले. गार्गी हसली नाही. मीही नाही.

मी पुढे झालो. इस्त्रीचा झब्बा, हातात हमीपत्राची प्रत. ब्रूनो पिवळ्या खांद्यांनी समोर उभा. मी बोट वर केलं आणि तीस वर्षांच्या नोकरीत कमावलेल्या आवाजात म्हणालो, "सिट!"

ब्रूनोनं बोट पाहिलं. आभाळ पाहिलं. मग जांभई दिली.

जितेंद्र कसानुसा झाला. "साहेब, पुन्हा एकवार म्हणा ना. आमी नाही ऐकलं पहिलं."

"मसुद्यात 'एकाच आज्ञेत' असं आहे," मी म्हणालो. स्वतःच्या तोंडानं म्हणालो! हर्षानं कपाळावर हात मारला.

गार्गी दोर घेऊन तशीच धावत आली आणि ब्रूनोच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली. "मी याला नाही जाऊ देणार. बाबा, तुम्ही जा फार्महाऊसवर." अडीच महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी थेट बोलली होती. त्या मिठीत बैलाचा दोर ब्रूनोच्या पट्ट्यात अडकला, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. आणि जितेंद्रला, चांगल्या माणसाला, वाटलं की वेळ मारून न्यावी. त्यानं ताशेवाल्यांना खूण केली.

ताशा कडाडला आणि ब्रूनो उधळला. साठ किलोचा कुत्रा पुढे, शिसवी बैल मागे दगडांवरून उड्या मारत, त्यामागे मुलं किंचाळत. तोरणाचा बांबू धरून उभा असलेला पियुष तोरणासकट खाली आला. आणि कुत्रा निघाला होता सरळ यमुताईंच्या टेबलाकडे. त्यांच्यामागे भिंत. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडू हेच सुचेना.

"हो... हो रे कबऱ्या... हो."

झाडाखालून आलेला आवाज मोठाही नव्हता. म्हातारा जागचा उठला सुद्धा नाही. आणि कुत्रा थांबला. टेबलापासून हातभर अंतरावर, चारही पाय रोवून. "बस राजा," नानाजी म्हणाले, तसा तो खाली बसला, हळूच पुढे सरकला आणि यमुताईंच्या पांढऱ्या बुटांवर हनुवटी ठेवून पडून राहिला.

यमुताईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. बराच वेळ त्यांनी बुटांकडे पाहिलं. पाय हलवला नाही. मला ते चांगलंच ओळखीचं होतं.

"बसला!" जितेंद्र माईकवरून ओरडला. "विषय खतम!"

"थांबा," यमुताई म्हणाल्या. आवाज अजून थरथरत होता, पण तो शाळेतला आवाज होता. "शिर्के, तुमच्या कागदात 'मालकाच्या आज्ञेत' असं लिहिलं आहे. हा तर पाहुण्याच्या आज्ञेत बसला. तुम्ही नापास."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मसुदा पक्का होता.

"आमच्या शाळेत नापास झालेल्या पोराले पुरवणी परीक्षा राहत होती. द्या."

नानाजींनी त्याला पुन्हा उभं केलं. सोळा फ्लॅटचे लोक पाहून राहिले होते. आता बोट वर करून चालणार नव्हतं, हे मला समजलं होतं. आता इस्त्रीच्या झब्ब्यात, सरकारी अधीक्षकानं, घोडदळाच्या वारसानं, भर आवारात बैल हाकल्यासारखं ओरडायचं होतं. मी गार्गीकडे पाहिलं. तिनं श्वास धरून ठेवला होता. मरो ते घोडदळ, म्हटलं. मी ब्रूनोच्या बाजूला गेलो, हळदीच्या पाठीवर हात ठेवला. चार पावलं त्याच्यासोबत चाललो. पाठ गरम होती. मग म्हणालो, "हो... हो रे कबऱ्या. बस माझ्या राजा." आवाज मध्येच फाटला.

तो बसला. लगेच बसला, जणू इतके महिने मी असं काही बोलायची वाटच पाहत होता. आणि बसता बसता आनंदानं टेकला, तसा मीही बसलो, ओल्या मातीत, झब्ब्यासकट. आवारात असा कल्ला झाला की ताशा ऐकू येईना. गार्गी आमच्या दोघांच्या अंगावर पडली. मी रडत होतो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. त्या वेळी मात्र डोळ्यात हळद गेली असं सांगितलं होतं.

यमुताई ताट घेऊन उठल्या. त्यांनी रांगेतल्या सगळ्या बैलांना कुंकू लावलं, शेवटी आमच्यापाशी आल्या आणि थबकल्या. मग हात लांब करून कुत्र्याच्या कपाळालाही लावलं. "आज दारी आलेल्या बैलाले हाकलत नसतात," त्या म्हणाल्या. "अन् शिर्के, तो शब्द मलेही शिकवा. उद्या सकाळी सहाला निघीन मी. तो टेकायले आला तर मले म्हणता आला पाहिजे."

आता रोज सकाळी सहाला पांढरे बूट निघतात. कबऱ्या बाजूनं चालतो, त्यांचा हात त्याच्या पाठीवर. मी मागून आखूड पट्टा हातात गुंडाळून चालतो, माझी तशी गरज नसते. बक्षीस दुसऱ्याच मुलाच्या बैलाला मिळालं. आमच्या शिसवी बैलाचं एक चाक निघालं होतं.

त्या संध्याकाळी मी फ्रिजवरची प्रत काढली, खाली 'पूर्तता झाली, दप्तरी दाखल' असं लिहून तारीख टाकली आणि कपाटात ठेवली. मग हॉलमध्ये गेलो. कबऱ्या सोफ्यावर होता. मी आजूबाजूला पाहिलं, त्याचा कान उचलला आणि आत दोन शब्द बोललो.

"बाबा," दारातून गार्गी म्हणाली, थेट मलाच, "त्याच्या कानात काय सांगितलं?"

"आवतण दिलं," मी म्हणालो. "पुढच्या पोळ्याचं."